आज काय दिसलं, काय खाल्लं?

वाचाघात झालेल्या माणसाच्या घरात दिवसभर प्रश्न चालू असतात. 'कोण आलंय, सांगा बघू?' 'आज वार कोणता?' 'हे काय आहे? चमचा. म्हणा, चमचा.' विचारणारी माणसं जवळची असतात आणि मायेनंच विचारतात. पण या सगळ्या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात, आणि ती ठाऊक आहेत हे ज्याला विचारलं त्यालाही कळतं. जन्मभर संसार ओढलेला, शेत राखलेला, चार माणसांत ज्याचा शब्द चालायचा असा माणूस दिवसातून कितीदा तरी या परीक्षेला बसतो आणि नापास होतो. मग तो हळूहळू तोंड फिरवू लागतो. घरचे म्हणतात, 'आता प्रयत्नच करत नाहीत.'

या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. समोरच्याला माहीत नसलेलं काहीतरी त्याला सांगावंसं वाटतं, तेव्हा बोलणं परत येऊ लागतं. पण खाटेवर किंवा खुर्चीत दिवस काढणाऱ्या माणसाजवळ अशी स्वतःची बातमी येणार कुठून? कामावर जाणं थांबलेलं, चावडीवर बसणं थांबलेलं, फोनवर बोलता येत नाही. बाहेरचं सगळं त्याला इतरांकडून कळतं. तरीही तीन गोष्टी त्याच्या स्वतःच्या उरतात: घरात घडलेलं बारीकसारीक, जिभेवर आलेली चव, आणि खिडकीबाहेर दिसलेले पक्षी. माझं बरंचसं काम या तीन गोष्टींच्या आधारानं चालतं.

मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे. म्हैसूरला १९६५ साली सुरू झालेल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये शिकले आणि काम करते कोल्हापुरात. काही रुग्ण दवाखान्यात येतात, काहींच्या घरी मी जाते. कागल, शिरोळ, राधानगरी, सीमेपलीकडचं निपाणी अशा ठिकाणांहून माणसं येतात. बहुतेकांना मेंदूचा झटका येऊन गेलेला असतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागाचं काम थांबतं. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि शरीराच्या उजव्या बाजूचा ताबाही तिथूनच असतो. म्हणून उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं गेलेलं, अशी जोडी आम्हाला नेहमी दिसते. झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो.

वाचाघातात भाषा अडते, माणूस तोच असतो. त्याला माणसं ओळखू येतात, कालचं आठवतं, मान-अपमान कळतो, घरातला कोण दुखावलाय हेही कळतं. घरच्यांना हे पटवण्यात माझे सुरुवातीचे दिवस जातात. 'बाबांना काही कळत नाही आता,' हे वाक्य बाबांच्या समोरच बोललं जातं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर 'हल्ली उगीच रडतात,' असंही म्हटलं जातं. म्हणून पहिल्या भेटीत माझं अर्धं लक्ष रुग्णाकडे आणि अर्धं त्याच्या भोवतीच्या माणसांकडे असतं.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्यानं एका रुग्णाच्या मेंदूवरून वाचेशी जोडलेली जागा दाखवून दिली. तो रुग्ण काहीही विचारलं तरी 'तान' एवढंच म्हणायचा, त्यामुळे रुग्णालयात त्याचं नावच 'तान' पडलं होतं. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त एसटी कंडक्टर मामांच्या तोंडी असाच एक शब्द उरला होता, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, पाणी नको असलं तरी बरं. पण प्रत्येक 'बरं'चा सूर निराळा असायचा. मामी ते सूर ओळखायला शिकल्या होत्या. गंमत वाटेल, पण हेच मामा एक ते वीस अंक एका दमात म्हणायचे आणि गणपतीची आरती लागली की बाकीच्यांबरोबर शेवटपर्यंत जायचे. पाठ झालेलं, सवयीनं ओठांवर येणारं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं. ते ऐकून घरच्यांना वाटतं की यांना बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. तसं नसतं. आरती म्हणणं वेगळं, आणि आपल्या मनातलं शब्दांत मांडणं वेगळं.

मामांबरोबर मी चित्रांची कार्डं घेऊन बसायचे. कप, खुर्ची, किल्ली. कार्डांचा उपयोग असतो. कुठला शब्द कशानं सुटतो, पहिलं अक्षर दिल्यावर सुटतो की वस्तूचा उपयोग सांगितल्यावर, हे त्यातून कळतं आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. मामा सहनशील होते. कार्ड बघायचे, घाम येईपर्यंत झटायचे आणि 'बरं' म्हणून मान खाली घालायचे.

एका सकाळी मी दारात पोचते न पोचते तोच त्यांनी डाव्या हातानं माझी बाही धरली आणि खिडकीशी नेलं. बाहेर विजेची तार आणि तिच्यापलीकडे नारळाचं झाड, एवढंच होतं. त्यांनी पंजा सपाट धरून हवेत गोल फिरवला. मग दोन बोटं फाकवून दाखवली, आणि ती बोटं वरून खाली, पुन्हा वरून खाली, जोरात मारली. 'बरं! बरं! बरं!' मी म्हटलं, 'कावळा?' त्यांनी रागानं मान हलवली आणि फाकलेली दोन बोटं पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर धरली. शेपटी! दुभंगलेली शेपटी. 'कोतवाल होता का, मामा? कुणाच्या मागं लागला होता?' पंजा पुन्हा गोल फिरू लागला. मला कळलं होतं, पण मी शब्द दिला नाही. थांबले. मामांचे ओठ जुळले, सुटले, घशातून एक आवाज आला, आणि मग स्वच्छ ऐकू आलं, 'घार.'

कोतवाल कावळ्याहून पुष्कळ लहान. पण घरट्याच्या आसपास घार फिरकली तर तो तिच्या पाठीवर झेप घेत तिला हुसकून लावतो. इतर लहान पक्षी त्याच्या आश्रयानं जवळपास घरटी करतात, असंही निरीक्षण आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामांनी ते त्या सकाळी प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सांगण्यासारखं त्यांच्याकडे होतं आणि ऐकायची गरज मला होती. कार्ड घेऊन बसताना आम्हा दोघांत हे नातं कधी तयारच झालं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक साधी दुरेघी वही ठेवायला सांगते. घरातल्या कुणीतरी संध्याकाळी तिच्यात तीन ओळी लिहायच्या: आज काय घडलं, काय खाल्लं, कोणता पक्षी दिसला. पुढच्या भेटीत ती वही लगेच माझ्या हातात द्यायची नाही. रुग्णानं आधी आपल्या पद्धतीनं सांगायचं. हातवारे करून, चित्र काढून, अर्ध्या शब्दानं, कसंही. फारच अडलं तर वही उघडायची. लिहिणारा नातू किंवा सून पहिल्या आठवड्यात 'विशेष काही नाही' असं लिहून मोकळी होते. मग मी विचारते, दूध उतू गेलं नाही का, गॅस संपला नाही का, शेजारच्यांची म्हैस व्याली नाही का? हळूहळू वही भरू लागते. 'मांजरानं साय खाल्ली.' 'आबांच्या चपलेचा अंगठा तुटला.' 'मीटर बघायला माणूस आला, आबांनी त्याला आत बोलावलं.' आबांनी बोलावलं, हे ज्या घरात लिहिलं जातं तिथे उपचार नीट चालले आहेत असं मी समजते.

खाण्याचा विषय माझ्या कामात आणखी एका वाटेनं येतो. झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणंही बिघडतं आणि ते तपासणं आमच्याकडेच असतं, कारण ओठ, जीभ, टाळू आणि घसा ही बोलण्याची अवयवमंडळी गिळण्याचीही आहेत. अन्न अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, अन्न मुकाट फुप्फुसाकडे उतरतं आणि न्यूमोनिया होतो. अशा माणसाला सगळ्यांत अवघड जातं ते साधं पाणी, कारण ते पातळ आणि वेगानं सरकणारं असतं. घरच्यांना हे विचित्र वाटतं. 'निदान पाणी तरी देऊ ना?' हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू येतो.

मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. जगभर आता गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी अन्नाच्या शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत, पण त्या समजावायला आपलं ताट पुरेसं आहे. गुरगुट्या भात घोटून, पातळ पिठलं, घट्ट शिजवलेली नाचणीची आंबील, मऊ शिरा. काय चालतं ते असं ठरवता येतं. पोहे, चुरमुरे, शेव, दाणे, कोरडी भाकरी यांचे कण घशात विखुरतात, ते बंद. सगळ्यांत फसवे असतात ते पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ: ताक-भात, दुधात कुस्करलेली पोळी, साबुदाण्याची पातळ खीर, रश्शातल्या फोडी. मऊ म्हणून घरचे तेच देतात, आणि तोंडात गेल्यावर पातळ पुढे धावतं, घट्ट मागे राहतं. कोणाला काय द्यायचं हे तपासूनच ठरवावं लागतं, एकाचा आहार दुसऱ्याला लावता येत नाही. नाकातून नळी घातलेल्या एका गुऱ्हाळमालक आबांना पहिल्यांदा तोंडानं काही द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या मुलानं विचारलं, 'काकवी चालंल?' आबांना मधुमेह नव्हता. काकवी मधासारखी दाट, सावकाश उतरणारी. आबांना सरळ बसवून, मान किंचित खाली घालायला सांगून, मी चमच्याच्या टोकावर ती दिली. आबांनी गिळली, थांबले, आणि दुसरा चमचा द्यायच्या आत तोंड वाकडं करून मुलाकडे बघितलं. काकवी दुसऱ्यांच्या गुऱ्हाळातली होती! मुलगा खाली बघून म्हणाला, 'आपली संपलीय, आबा.' आबांना त्या वेळी एकही शब्द येत नव्हता. पण घरातला कर्ता परत आला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजलं.

आवडीच्या खाण्यावर माणसाचं मत असतं, आणि मत असलं की ते मांडायची ओढ असते. एक खानावळ चालवणाऱ्या मावशी झटक्यानंतर दोन-दोन शब्दांत बोलायच्या, क्रियापदं गळून जायची. ब्रोकाच्या वाचाघातात हे नेहमीच दिसतं. 'पाणी… पोरगा… दुकान.' मी त्यांना म्हटलं, मला पांढरा रस्सा शिकायचाय, तुम्ही सांगाल तसं मी लिहून घेते. पहिल्या दिवशी आलं ते एवढंच: 'मटन. अळणी. नारळ.' मी विचारलं, 'नारळाचं दूध कधी, आधी की नंतर?' त्यांनी कपाळावर हात मारला. 'आधी न्हाई! आधी… अळणी… काढ… काढायचं.' क्रियापद आलं. स्वयंपाकात क्रियापदाशिवाय भागत नाही. भाजायचं, वाटायचं, परतायचं, उकळायचं, झाकायचं. आणि क्रम चुकला तर पदार्थ बिघडतो, त्यामुळे 'आधी', 'मग', 'शेवटी' हे शब्दही येऊ लागतात. काही आठवड्यांनी मावशींच्या तोंडून अख्खी ओळ आली, 'खसखस-काजू वाटून अळण्यात घालायचं, मग नारळाचं दूध, आन् उकळी न्हाई आणायची, फाटतंय.' त्यांच्या सुनेनं हे ऐकलं आणि तिथेच कागद घेऊन बसली. इतकी वर्षं घरात राहून तिनं तो रस्सा कधी लिहून घेतला नव्हता. आता तिला ते शिकायचं होतं, आणि शिकवणाऱ्या मावशी होत्या.

पक्ष्यांच्या बाबतीत मला आणखी एक सोय सापडली. कपाला कपच म्हणावं लागतं. पक्ष्याला मात्र गावोगाव वेगळं नाव असतं, आणि त्यातलं कुठलंही आलं तरी ते बरोबरच असतं. मारुती चितमपल्लींनी रानावनात हिंडून, तिथल्या लोकांच्या तोंडून पक्ष्यांची अशी कितीतरी नावं गोळा केली आणि 'पक्षिकोश' केला. वाचाघात झालेल्या माणसाला एकच अचूक शब्द शोधण्याचा धाक नसला की तो मोकळा होतो. भारद्वाज कोणी कुंभारकावळा म्हणून सांगतं, कोणी नुसते लाल पंख दाखवून घुमल्यासारखा आवाज काढतं. निपाणीकडच्या एका आजींना चिमणी आधी कानडीत आठवली. त्या शाळा शिकल्या मराठीतून, नांदल्या मराठी घरात, पण माहेरची बोली कानडी होती. बहुभाषक माणसाची कोणती भाषा आधी परतते, यावर १९व्या शतकापासून चर्चा आहे. फ्रान्समध्ये रिबो म्हणत की लहानपणीची आधी येते, तर १८९५ साली पित्र यांनी मांडलं की सगळ्यांत सवयीची असते ती आधी येते. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही जवळपास बरोबरीनं सुधारतात. आजींचा मुलगा त्यांना 'मराठीत सांग' म्हणून थांबवायचा. मी त्याला सांगितलं, जी भाषा आली ती येऊ दे, तिच्या मागून दुसरीही येईल. आजी आता एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतात आणि त्यांच्या सुनांना दोन्ही समजतात.

ऊस पिकवणारे एक तात्या सांगायचे ते नांगरामागून चालणाऱ्या बगळ्यांबद्दल. मातीतून वर आलेले किडे टिपायला गायबगळे अगदी फाळाजवळ येतात. तात्यांनी ते जन्मभर पाहिलं होतं आणि मला त्यातलं फारसं काही माहीत नव्हतं. म्हशीच्या पाठीवर बसणारा बगळा वेगळा का? पावसाच्या तोंडाला त्यांच्या डोक्याला केशरी रंग चढतो, तो सगळ्यांनाच का? मी खरंच विचारत होते आणि तात्या खरंच सांगत होते. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी त्यांनी कागदावर डाव्या हातानं काढून दाखवली. उसाच्या पानाच्या चिरफळ्या काढून नर विणतो, हे दाखवताना त्यांनी शेतातून खरोखरच पान मागवलं. त्या दुपारी तात्या बरंच बोलले. सगळे शब्द नीट आले नाहीत. पण गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांनी नेली, मधे कुणाच्या हाती दिली नाही.

माझ्या कामाचा आणि पक्ष्यांचा एक शास्त्रीय धागाही आहे, आणि तो मला फार जवळचा वाटतो. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात, आधी बडबडतात, मग सूर घटवतात. आपलं मूल बोलायला शिकतं त्याच्याशी याचं साम्य आहे. फर्नांडो नोटेबोम यांनी १९७०च्या दशकात कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतल्या गाण्याच्या जागा दाखवल्या. कॅनरीचं गाणंही मुख्यत्वे डाव्या बाजूच्या ताब्यात असतं, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. पुढे १९८३ साली त्यांच्या प्रयोगशाळेनं प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात, असं दाखवलं. मोठ्या वयात मेंदू बदलत नाही, ही त्या काळातली पक्की समजूत होती, तिला यानं मोठा धक्का दिला. पक्ष्याचा मेंदू माणसाचा नव्हे, आणि कॅनरीवरून मी माझ्या रुग्णांना आश्वासनं देत नाही. पण झटक्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते आणि त्यानंतरही, सावकाश का होईना, वर्षानुवर्षं होत राहू शकते, हे माणसांवरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. 'सहा महिने झाले, आता काय होणार?' असं विचारणाऱ्यांना मी हे ठामपणे सांगते.

सगळ्यांचं बोलणं सारखं परतत नाही. निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी भरभर बोलायचे, वाक्याची चाल, सूर, सगळं जागच्या जागी, पण शब्द जुळत नसायचे आणि आपलं बोलणं समोरच्याला कळत नाहीये हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. दुसऱ्याचं बोलणंही त्यांना फारसं कळायचं नाही. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी या प्रकारचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. गुरुजींशी प्रश्नोत्तरं शक्य नव्हती. एका उन्हाळी दुपारी बाहेर तांबट पक्ष्याचं टुक टुक चालू होतं. गुरुजी बोलायचे थांबले आणि त्याच लयीत टेबलावर बोटानं ठोका देऊ लागले. मीही ठोका धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्या क्षणी आम्हा दोघांचं लक्ष प्रथमच एका गोष्टीवर होतं. तान्हं मूलही शब्दांच्या आधी हेच शिकतं: आईचं बोट ज्या दिशेला, तिकडे बघायचं. गुरुजींबरोबर आम्ही तिथून सुरुवात केली. छोटी वाक्यं, हातात वस्तू, कागदावर रेषा. गुरुजींचं बोलणं पूर्ण निवळलं नाही. पण त्यांच्या पत्नी आता त्यांच्या शेजारी बसून चहा पितात आणि बाहेरचं एखादं झाड, एखादा पक्षी दोघं मिळून बघतात. आधी त्या आत स्वयंपाकघरात बसायच्या, कारण गुरुजींच्या बोलण्याला काय उत्तर द्यावं ते त्यांना सुचायचं नाही.

शनिवारी दुपारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा गट जमतो. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, पंखा हळू, फोनचे आवाज बंद. नियम थोडेच: एका वेळी एकानं बोलायचं, त्यानं मागितल्याशिवाय शब्द पुरवायचा नाही, आणि खूण, चित्र, फोनमधला फोटो, कुठलीही भाषा चालेल. प्रत्येकानं आठवड्यातलं एक तरी सांगायचं. मीसुद्धा सांगते. माझ्या घरी भेंडी करपली, माझ्या स्कूटरच्या सीटवर बुलबुल बसला, माझ्या मुलीला वरण आवडेनासं झालं. हे मी मुद्दाम सांगते. एकानं फक्त विचारायचं आणि दुसऱ्यानं फक्त उत्तर द्यायचं, याला गप्पा म्हणत नाहीत. एका शनिवारी एक काकू आपली गोष्ट संपवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'तुमी?' एकच शब्द. पण तो प्रश्न होता, आणि तो त्यांनी विचारला होता. झटका आल्यापासून सगळे त्यांनाच विचारत होते. त्यांनी दुसऱ्या कुणाला काही विचारल्याचं त्यांच्या मुलीला आठवत नव्हतं. ती दाराशी उभी होती, तिनं मला नंतर तसं सांगितलं.

घरच्यांना मी शिकवते ते तंत्र अवघड नाही. बोलताना टीव्ही बंद करा. समोर बसा, ओठ दिसू द्या. ऐकायला कमी येत नसेल तर मोठ्यानं ओरडू नका. एका वेळी एकच गोष्ट विचारा, आणि अगदीच अडलं तर 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा. मग थांबा. तुम्हाला वाटतं त्याहून बरंच जास्त थांबा. त्यांचं वाक्य पुरं करू नका. कळलं नसेल तर कळल्यासारखं दाखवू नका, 'परत सांगा' म्हणा, तेही हातात वेळ आहे अशा सुरात. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे दिवसाचं तुमचं सांगणं चालू ठेवा. आज मंडईत शेवग्याची शेंग काय भावानं होती, कुणाच्या दारात पावशा ओरडत होता, कुणाच्या लग्नात जेवायला काय होतं. झटका आलेल्या माणसासमोर घर गप्प होतं, कामापुरतं बोलू लागतं: औषध घ्या, कूस बदला, जेवून घ्या. अशा घरात त्यालाही सांगण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या अहवालांना ठरलेला साचा असतो. नाव सांगणं किती टक्के, ऐकून समजणं किती टक्के, पुन्हा उच्चारणं किती टक्के. ते आकडे मी प्रामाणिकपणे भरते, कारण उपचार कुठे नेमके पोचताहेत ते त्यांतून कळतं. पण त्यांच्या खाली मी स्वतःची एक ओळ लिहिते: गेल्या पंधरवड्यात यांनी स्वतःहून कुणाकुणाला काय सांगितलं. सुरुवातीला तिथे माझं आणि बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. मग नातू येतो, मग शेजारच्या वहिनी, मग रोज रतीब घालणारा दूधवाला. कंडक्टर मामांच्या त्या ओळीत अलीकडे तालमीत जाणारी गल्लीतली पोरं आली आहेत, कारण मामा त्यांना खांबावरचा पिंगळा दाखवतात. ही यादी वाढू लागली की मी माझ्या भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर आणते, पुढे महिन्यावर. मामांकडे आता मी महिन्यातून एकदाच जाते.